जुन्या गाडीचीही पट्टी द्या

प्रति,
मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांतले चारचाकी शोरूमचे मालक, मॅनेजर आणि एक्स्चेंजचं काम पाहणारी मंडळी,

सप्रेम नमस्कार.

मी लातूरच्या मार्केट यार्डात एका आडतीवर मुनीम आहे. सव्वीस वर्षं झाली. शेतकऱ्याचा माल उतरला, सौदा झाला, काटा झाला की मी पट्टी लिहितो. पट्टीत कट्टे किती, वजन किती, भाव काय, हमाली किती, तोलाई किती, सगळं वेगवेगळ्या ओळीत असतं. सोयाबीनमधली ओल बारा टक्क्यांच्या वर गेली की भाव तुटतो, पण ओल मोजायचं यंत्र शेतकऱ्याच्या समोर लावलेलं असतं आणि आकडा त्यालाही दिसतो. यार्डात सगळेच धुतल्या तांदळासारखे आहेत असं मी म्हणणार नाही. मातेऱ्याच्या नावाखाली काय काय कापलं जातं ते मला चांगलं ठाऊक आहे. पण भांडायला निदान कागद असतो. शेतकरी पट्टी घेऊन येतो, ओळीवर बोट ठेवतो आणि विचारतो, "हे कशाचे कापले?"

गेल्या दसऱ्याला मी माझी जुनी गाडी तुमच्यापैकी एकाकडे घातली आणि नवी घेतली. कोणाकडे, ते लिहीत नाही, कारण नंतर चार ठिकाणी विचारलं तर रीत सगळीकडे तीच. माझ्या अकरा वर्षांच्या गाडीचा सौदा झाला आणि माझ्या हातात पट्टी नव्हती. एक आकडा होता, तोही तोंडी.

जुन्या काळी धान्याचा भाव रुमालाखाली ठरायचा. दलाल आणि खरेदीदार रुमालाखाली एकमेकांची बोटं धरायचे, भाव फुटायचा आणि ज्याचा माल तो शेतकरी बाजूला उभा राहून रुमालाकडे बघत राहायचा. उघड लिलावाचा नियम आला तो हे बंद व्हावं म्हणूनच. तुमच्या एसी शोरूममध्ये काचेच्या टेबलावर मला तोच रुमाल दिसला, म्हणून हे पत्र.

आधी तुमच्या बाजूचं जे खरं आहे ते मान्य करतो. २२ सप्टेंबर २०२५ ला, घटस्थापनेच्याच दिवशी, छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, वरचा सेसही गेला. नवी गाडी स्वस्त झाली म्हटल्यावर जुनीचा भाव खाली येणारच. नवा हरभरा स्वस्त असताना जुन्याला कोण चढा भाव देईल? तुम्हाला गाडी घेऊन टचअप करावं लागतं, टायर बदलावे लागतात, ती विकेपर्यंत ठेवावी लागते, पुढं ब्रोकरही त्याचं काढतो. नफा घ्या, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार एवढीच की किती घेतला ते मला दिसू द्या.

आता माझं प्रकरण. २०१४ चं पासिंग, पेट्रोल, एमएच-२४, सिंगल ओनर, ७८ हजार किलोमीटर, कर्ज कधीच फिटलेलं. फोनवर तुमच्या शोरूमचा मुलगा म्हणाला, "काका, दोन साठपर्यंत जाईल." त्या 'पर्यंत'नेच माझा घात केला.

गाडी बघायला आलेला पोरगा हुशार होता, हे सांगितलं पाहिजे. त्यानं दारांचे रबर ओढून आतले वेल्डिंगचे ठिपके बघितले, म्हणजे गाडी कुठं ठोकून सरळ केली का ते कळतं. बॉनेटवर, छतावर, चारी दारांवर रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र टेकवलं. इंजिन थंड असताना चालू करायला लावलं, ऑइलचं झाकण काढून धूर येतो का पाहिला, मग मोबाइलच्या टॉर्चनं टायरवरचे चार आकडे वाचले. हे आकडे वाचायला मी त्याच्याकडूनच शिकलो: पहिले दोन म्हणजे त्या सालातला आठवडा, शेवटचे दोन म्हणजे साल. माझ्या पुढच्या डाव्या टायरवर २२१९ होतं. "काका, सहा वर्षांचे टायर. चारी बदलावे लागतील, वीस हजार गेले." मागच्या दोन्ही टायरवर १४२४ होतं, म्हणजे जेमतेम दीड वर्षाचे. तो मागं गेलाच नाही. मीही तेव्हा गेलो नाही, कारण हे आकडे वाचता येतात हेच मला पाच मिनिटांपूर्वी कळलं होतं.

आता हे वीस हजार कागदावर असते तर घरी येऊन मी टायर पाहिले असते आणि दुसऱ्या दिवशी ओळीवर बोट ठेवलं असतं. तोंडी आकड्यावर बोट कुठं ठेवणार?

माझे साडू कळंबचे. त्यांच्या गाडीची तर वेगळीच तऱ्हा. सप्टेंबरात धाराशिव, बीड, लातूरकडं जो पाऊस झाला तो सगळ्या महाराष्ट्रानं पाहिला. नंतर ते शोरूमला गेले तर एमएच-२५ ची पाटी दिसताच पहिला प्रश्न, "पाण्यात होती का?" गाडी पुरात सापडली असेल तर भाव पडावा, पडलाच पाहिजे, सीटखालची पट्टी ओढून गंज बघा, गालिचा उचलून गाळ बघा. पण न बघता नुसत्या पाटीवरून पंधरा हजार कापायचे, ही कुठली रीत? साडू रागानं गाडी परत घेऊन आले. मला तेवढं जमलं नाही.

भाव पाडताना मला जी कारणं सांगितली गेली त्यातली दोन धडधडीत चुकीची होती. तुमच्या पोरांना ती खरंच माहीत नसतील तर शिकवा, आणि माहीत असून सांगत असतील तर थांबवा.

"काका, आता जुन्या गाडीवर अठरा टक्के जीएसटी लागतो, म्हणून तेवढा भाव कमी." लागतो, पण कशावर? डिसेंबर २०२४ च्या जीएसटी कौन्सिलच्या बैठकीत जुन्या गाड्यांचा दर सरसकट १८ टक्के ठरला, तो तुमच्या मार्जिनवर. तुम्ही माझी गाडी १,८०,००० ला घेतली आणि २,२०,००० ला विकली, तर कर मधल्या ४०,००० वर, म्हणजे ७,२०० रुपये. मार्जिन निघालंच नाही तर करही नाही. मला मात्र हिशेब १,८०,००० च्या १८ टक्क्यांचा, म्हणजे ३२,४०० चा ऐकवला गेला.

"एक्स्चेंज केलं की नव्या गाडीचा टॅक्स वाचतो." वाचत नाही. सीजीएसटीच्या, म्हणजे केंद्रीय जीएसटीच्या, नियम २७ मध्ये यावर उदाहरणच दिलेलं आहे: जुना फोन देऊन नवा फोन २०,००० ला मिळतो आणि जुना न देता २४,००० ला, तर नव्याची किंमत २४,००० च धरायची. गाडीचंही तेच. माझी जुनी गाडी ही तुम्हाला दिलेल्या पैशाचाच एक भाग आहे, ती काही सूट नव्हे.

आणखी एक छोटं. माझ्या पॉलिसीतला आयडीव्ही दाखवून "तुमच्याच कंपनीनं १,७०,००० लिहिलंय" असं म्हणण्यात अर्थ नाही. आयडीव्ही म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत. पहिल्या पाच वर्षांत तो ठरलेल्या टक्क्यांनी घसरवतात, पाचव्या वर्षी निम्म्यावर येतो आणि त्यापुढं विमा कंपनी आणि मालक मिळून ठरवतात. तो बाजारभाव नाही, हे आपण दोघंही जाणतो.

आता मुख्य मुद्दा. इथं मी मुनीम असूनही फसलो, आणि ते लिहिताना लाज वाटते.

दोन शोरूम फिरलो होतो. पहिल्यानं जुन्या गाडीचे २,३५,००० सांगितले, दुसऱ्यानं २,०५,०००. मी पहिल्याकडे गेलो. तीस हजार जास्त मिळत असताना कोण दुसरीकडं जाईल? दिवाळीच्या आवराआवरीत दुसऱ्या शोरूमचं ब्रोशर कपाटावर सापडलं. त्याच्या मागं तिथल्या मुलानं पेनानं सगळं लिहून दिलं होतं. मी तिथंच स्टुलावर बसलो आणि दोन्ही हिशेब मांडले. मॉडेल तेच, एक्स-शोरूम किंमत तीच, ८,४०,०००. रोड टॅक्स आणि नोंदणी दोन्हीकडं जवळपास सारखी, म्हणून ती सोडली.

पहिल्याकडं गाडीवर सूट काहीच नाही, अॅक्सेसरी पॅक २८,००० चा "घ्यावाच लागतो" म्हणून घेतलेला, विमा ४१,०००. त्यातून जुनीचे २,३५,००० गेले. मला पडली ६,७४,००० ला.

दुसऱ्याकडं रोख सूट ३०,०००, अॅक्सेसरी नाही, विमा ३२,०००. जुनीचे १,८०,००० आणि वर एक्स्चेंज बोनस २५,०००. पडली असती ६,३७,००० ला.

जुनीचे तीस हजार जास्त मिळाले म्हणून मी खूश होतो, आणि नवीत सदुसष्ट हजार जास्त, म्हणजे एकूणात सदतीस हजार जास्त देऊन आलो होतो. मी ज्याला माझ्या गाडीचा वाढीव भाव समजत होतो, त्यातले बरेचसे पैसे नव्या गाडीवरच्या माझ्याच सुटीतून आलेले असणार. उजव्या खिशातले काढून डाव्या खिशात घातले आणि मी टाळी दिली.

विम्यातले नऊ हजारही माझेच होते. नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. पाच वर्षं क्लेम न घेतल्यामुळं माझा ५० टक्के झालेला. गाडी देताना विमा कंपनीकडून तसं पत्र घेतलं की तो नव्या गाडीच्या ओन डॅमेजच्या, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याच्या, हप्त्यातून वजा होतो, आणि तीन वर्षांत कधीही वापरता येतो. दुसऱ्या शोरूमच्या मुलानं जुनी पॉलिसी मागून घेतली होती ती यासाठी. पहिल्यानं शब्द काढला नाही, आणि विमा बाहेरून घेता येतो हेही सांगितलं नाही.

तरी हे पैशाचं झालं. पैसे गेले तर गेले. खरी झोप उडाली ती पुढच्या गोष्टीनं.

डिलिव्हरी दसऱ्याच्या दिवशी, २ ऑक्टोबरला. शोरूममध्ये जत्रा भरलेली. एका मागोमाग एक गाडीवर लाल कापड, हार, लिंबं, फोटोवाला, पेढे. आमचा मुहूर्त अकरा वीसचा. अकरा वाजून दहा मिनिटांनी तुमचा माणूस फाइल घेऊन आला आणि नव्या गाडीच्या बॉनेटवर, हळद-कुंकवाच्या ताटाशेजारी कागद पसरले. फॉर्म २९, फॉर्म ३०, म्हणजे गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे कागद. विकणाऱ्याचं नाव माझं, घेणाऱ्याच्या जागी कोरं. तारीख कोरी. कोपऱ्यात जुन्या गाडीच्या चासी नंबरची पेन्सिल प्रिंट चिकटवलेली, तेवढं मात्र व्यवस्थित. बायको म्हणाली, "आवो, सही कशावर करायलाव ते तरी बघा." मी म्हणालो, "मुहूर्त जाईल." नारळ हातात घेऊनच सह्या केल्या. एका कागदावर कुंकवाचं बोट उमटलं होतं ते आठवतं.

जानेवारीत मोबाइलवर ई-चलन आलं. वेगमर्यादेचं, तुळजापूर-सोलापूर रस्त्यावरचं. फोटो उघडला तर माझी जुनी गाडी, मागच्या काचेवर 'श्री सिद्धेश्वर प्रसन्न' तसंच. सरकारच्या 'वाहन' पोर्टलवर पाहिलं, मालक म्हणून अजून माझंच नाव. शोरूमला फोन केला. "काका, आम्ही ब्रोकरला दिली." ब्रोकर म्हणाला, "मी पार्टीला दिली." पार्टी कोण, ते सांगायला कुणी तयार नाही. "होऊन जाईल काका, टेन्शन घेऊ नका."

टेन्शन का घ्यायचं ते सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे गाडी विकणाऱ्यानं चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं आणि घेणाऱ्यानं तीस दिवसांत नावावर करून घ्यायची. ते झालं नाही तर? फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशाच एका प्रकरणात सांगितलं की नोंदणी ज्याच्या नावावर, तोच मालक, आणि अपघाताची भरपाई त्याच्यावर. त्यातली गाडी तर एकाकडून दुसऱ्याकडं, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडं गेलेली होती. म्हणजे माझ्या जुन्या गाडीखाली उद्या कुणी आलं तर नोटीस माझ्या घरी येणार. चलनाचे पैसे भरून टाकीन हो, पण हे कसं भरायचं?

आणि यावर उपाय नाही असंही नाही. केंद्रानं डिसेंबर २०२२ मध्ये नियम केले, ते १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. जुन्या नोंदणीकृत गाड्यांचा व्यवहार करणाऱ्या डीलरनं आरटीओकडून अधिकारपत्र घ्यायचं, आणि मालकानं गाडी त्याच्या ताब्यात दिली की दोघांनी मिळून पोर्टलवर फॉर्म २९सी भरायचा. तिथून पुढं तो डीलर मानीव मालक, म्हणजे कायद्यानं मालक धरलेला. चलन, अपघात, कागदपत्रं, सगळं त्याच्याकडं. हा फॉर्म भरला असता तर मला जानेवारीत फोन फिरवत बसावं लागलं नसतं. दसऱ्याला त्याचं नाव कुणी काढलं नाही. नंतर मी विचारलं तर तुमच्या एक्स्चेंज मॅनेजरनं मलाच विचारलं, "ते काय असतं?"

म्हणून मागण्या. फार नाहीत, आणि एकीलाही पैसे लागत नाहीत.

जुन्या गाडीची लेखी पट्टी द्या. मूळ भाव एका ओळीत. टायर, रंग, सर्व्हिस, विमा अशी प्रत्येक कपात वेगळ्या ओळीत. कंपनीचा बोनस वेगळा, तुमचा वेगळा. खाली बघणाऱ्याचं नाव, सही, तारीख. ती पट्टी निदान सात दिवस चालली पाहिजे. "आज घातली तरच हा भाव" हे भाजीवाल्यानं संध्याकाळी म्हणावं, शोरूमनं नव्हे.

नव्या गाडीचा कागद आधी आणि स्वतंत्र द्या, जुनी गाडी आहे की नाही हे न विचारता. मग जुनीचं बोलू.

कोऱ्या फॉर्मवर सही घेणं आजपासून बंद करा. गाडी ताब्यात घेताना तारीख, वेळ आणि मीटरचं रीडिंग लिहून पावती द्या आणि फॉर्म २९सी त्याच टेबलावर भरा. तुमच्याकडं जुन्या गाड्यांचं अधिकारपत्र असेल तर ते भिंतीवर लावा; नसेल तर ज्या ब्रोकरला गाडी देणार त्याचं दाखवा. नवी आर.सी. निघाली की जुन्या मालकाला मेसेज करा.

नो क्लेम बोनसचं विचारणं हे तुमच्या मुलांचं काम समजा. आणि कागदांच्या सह्या डिलिव्हरीच्या आदल्या दिवशी घ्या. मुहूर्ताला माणूस नारळ बघतो, फॉर्म बघत नाही. हे तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त माहीत आहे.

परिवहन खात्याला एकच विनंती: एमएच-२० पासून एमएच-२६ पर्यंत, शिवाय हिंगोली आणि अंबाजोगाई, या प्रत्येक कार्यालयाबाहेर जुन्या गाड्यांच्या अधिकृत डीलरांची यादी मराठीत लावा. यादीत दोनच नावं असतील तर दोनच लावा.

माझी गाडी ज्यांनी घेतली त्यांनी बाकीचं राहू द्या, आधी ती माझ्या नावावरून काढा. सदतीस हजार मी मागत नाही, तो माझ्या अकलेचा कडता, म्हणजे कपात, समजतो.

आणि पट्टी कशी लिहायची याचा नमुना हवा असेल तर सांगा. आमची पट्टीबुकं जिथं छापतात तो छापखाना यार्डाच्या मागच्याच गल्लीत आहे. शंभर पानांचं पुस्तक, खाली कार्बन, दोन दिवसांत देतो. पहिलं पुस्तक माझ्याकडून.

आपला,
एक ग्राहक आणि मुनीम
मार्केट यार्ड, लातूर